कुणाचा रे तू? : मुरुडच्या किनाऱ्यावरून तीन अर्ज वाचताना

कॅनडाच्या पीआरसाठीचा गुणांचा तक्ता आज कितीतरी मराठी मुलामुलींना पाठ असतो. वय वीस ते एकोणतीस असेल तर ११०. पदवीचे १२०. इंग्रजीच्या चारही परीक्षांत चांगले गुण पडले तर १२४. सल्लागार पैसे घेऊन हा तक्ता समजावतात, यूट्यूबवर तो फुकट समजतो, आणि सरकारी कॅल्क्युलेटर फोनवर दहा मिनिटांत आपला आकडा सांगतो. इतका वाचला जाणारा हा मजकूर, पण मजकूर म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो कुणी लिहिलाय, त्यातला नायक कोण, काय विचारलंय, काय विचारायचं टाळलंय, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. ज्या कागदावर आयुष्याची पाच-दहा वर्षं टांगलेली असतात, त्याला विचारत नाही.

हे वाचन मुरुडवरून करायला एक कारण आहे. मुरुड-जंजिऱ्याच्या या पट्टीला परदेशाचे अर्ज नवे नाहीत. इथे राज्य केलं ते सिद्दी मुळात आफ्रिकेतून आलेले. इथले लोक गेल्या सव्वाशे वर्षांत तिकडे गेले, इस्रायलला गेले, आखातात गेले. आणि गावात अनोळखी पोरगा दिसला की म्हातारी माणसं अजूनही एकच प्रश्न विचारतात : कुणाचा रे तू? उत्तरात बापाचं नाव आणि आळी सांगितली की ओळख पूर्ण होते. परदेशाच्या दारातला अर्जही हाच प्रश्न विचारतो, फक्त प्रत्येक काळात त्याचा अर्थ बदलतो.

पहिला अर्ज केप कॉलनीचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या रायगड-रत्नागिरी भागातले कोकणी मुसलमान केपटाउनला जात होते, दुकानांत आणि मिळेल त्या कामावर राबत होते. १९०२ साली केपनं कायदा केला : येणाऱ्याला युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतःचा अर्ज लिहिता आला पाहिजे. कायद्यात 'भारतीय' किंवा 'काळा' असा शब्द घालायची गरजच उरली नाही. भाषेची अट तेवढं काम करत होती. १९०६ च्या कायद्यानं यिद्दिशला युरोपीय भाषा म्हणून मान्यता दिली, त्यामुळे पूर्व युरोपातल्या ज्यू माणसाला दार उघडलं. मराठी किंवा उर्दू लिहिणाऱ्याला ते उघडलं नाही. आधीपासून तिथे राहणारा भारतीय गावी यायला निघाला, तर त्याला परत जाण्याचा परवाना घ्यावा लागे. त्यावर फोटो, बोटांचे ठसे, आणि ठरावीक मुदत. मुदत चुकली की हक्क गेला.

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या परवान्यांवर आणि त्यांवरच्या फोटोंवर लिहिलं आहे. माणसं बाहेर ठेवण्यासाठी बनवलेल्या फायली आज त्याच माणसांच्या इतिहासाचं साधन झाल्या आहेत. ज्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही, ज्यांचा दुसरा फोटो कुठे नाही, ते त्या कागदांवर कॅमेऱ्याकडे बघत उभे आहेत. हे लक्षात ठेवू, पुढे लागेल.

दुसरा अर्ज इस्रायलचा. नवगाव, रेवदंडा, नांदगाव, मुरुड, पेण, रोहा अशा गावांतून बेने इस्रायल समाज शतकानुशतकं राहिला. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. आडनावं पेणकर, रोहेकर. घरची भाषा मराठी. इस्रायलनं १९५० मध्ये 'परतीचा कायदा' केला. त्यात गुण नव्हते, पदवी नव्हती, वयाची अट नव्हती. प्रश्न एकच : तू ज्यू आहेस का? केपच्या तुलनेत हे दार सताड उघडं वाटतं. समाजातले बरेच जण गेले.

पण दार उघडं असलं तरी आत गेल्यावर पुन्हा अर्ज होताच. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं लग्न नोंदवणाऱ्या रब्बींसाठी सूचना काढल्या. बेने इस्रायल व्यक्तीला समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल, तर तिच्या आईची, आजीची, आणि शक्य तितकी मागची वंशावळ तपासा. कोकणातल्या तेल गाळणाऱ्या बाईच्या पणजीचं लग्न कोणत्या विधीनं झालं याचा कागद कोण आणणार? 'कुणाचा रे तू?' हा आपल्याकडे मायेनं विचारला जाणारा प्रश्न तिथे चौकशीचा झाला. समाजानं मान खाली घातली नाही. जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि मग सूचनांमधून त्यांचं नाव काढण्यात आलं.

या दोन कागदांनंतर तिसरा वाचला की त्याचं मोठेपण दिसतं. ते आधी मान्य करायला हवं, कारण गुणपद्धतीवर टीका करणारे बहुतेक जण ते विसरतात. कॅनडानं १९५१ पासून भारतीयांना वर्षाला १५० जागा ठेवल्या होत्या, पुढे ३०० केल्या. एका अख्ख्या देशाला इतक्याच. १ ऑक्टोबर १९६७ ला गुणपद्धत आली आणि वंश व देश यांच्या जागी शिक्षण, कौशल्य, वय, भाषा आली. शंभर गुणांचा पेपर, पन्नासला पास. त्यातले १५ गुण अधिकाऱ्याच्या हातात होते, समोरच्या माणसाची जिद्द आणि जुळवून घेण्याची तयारी बघून द्यायचे. आजच्या तक्त्यात तेही नाहीत. २०१५ पासून चालू असलेल्या एक्स्प्रेस एन्ट्रीत १२०० गुण आहेत आणि ते संगणक मोजतो. तुझा बाप कोण, तुझी जात कोणती, तुझ्या आजीचं लग्न कसं झालं, यातलं काहीही तो विचारत नाही. 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न या कागदावरून पुसला गेला. ज्यांना गावात या प्रश्नाच्या उत्तरामुळे खाली बसावं लागलं, त्यांना ही केवढी सुटका वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

मग तक्त्यात खटकतं काय? त्यातला नायक.

हा नायक एकटा आहे. जोडीदार सोबत असेल तर त्याच्या वयाचे कमाल गुण ११० वरून १०० होतात आणि जोडीदाराच्या शिक्षण, भाषा, अनुभव या सगळ्याचे मिळून जास्तीत जास्त ४० धरले जातात. नवराबायकोपैकी मुख्य अर्जदार कोण, हे ज्याचे गुण जास्त त्यावर ठरवायचं. अनेक घरांत त्यामुळे पहिल्यांदाच बायकोचं नाव वर येतं, आणि हे तक्त्याचं अनपेक्षित देणं आहे. सख्खा भाऊ किंवा बहीण तिथे असेल तर १५ गुण. आईवडिलांसाठी या अर्जात जागाच नाही, त्यांच्यासाठी वेगळी योजना, वेगळी वाट बघणं.

हा नायक कामावरून ओळखला जातो, आणि कामांची प्रतवारी आधीच ठरलेली आहे. कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणात मच्छीमार नौका चालवणारा कुशल गटात येतो, त्याच नौकेवर जाळं ओढणारा त्याखालच्या गटात. म्हणजे राजपुरीच्या खाडीतून एकाच होडीनं बाहेर पडलेले तांडेल आणि खलाशी या कागदावर दोन वेगळ्या जगांतले. अर्थात तांडेलची शाळा दहावीच्या आत सुटली असेल, तर शिक्षणाच्या रकान्यात त्याला शून्यच.

आणि हा नायक सतत म्हातारा होतोय. तक्त्यातला सगळ्यात क्रूर रकाना वयाचा. एकोणतिसाव्या वर्षी ११०, तिसाव्या वाढदिवशी १०५, पस्तिसाव्याला ७७, चाळिसाव्याला ५०, पंचेचाळिसाव्याला शून्य. मुरुडला हे मोजायला दुसरं माप आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं या किनाऱ्यावरच्या सुपारीच्या वाड्या झोपवल्या. सुपारीचं रोप लावल्यापासून फळ धरेपर्यंत सहा-सात वर्षं जातात. तिसाव्या वर्षी वाडी पुन्हा लावणाऱ्याला पहिली सुपारी मिळेपर्यंत कॅनडाच्या कागदावर त्याचे चाळीसेक गुण गेलेले असतात. एकाच माणसाची तीच सात वर्षं, बागेत ती जमा होतात, तक्त्यात वजा.

इथे आपली मराठी सवय आड येते. दहावीपासून सीईटीपर्यंत आपण गुणपत्रिकेवर वाढलो. आकडा दिसला की तो आपल्या लायकीचा वाटतो. पण गुणपत्रिका निदान आपण लिहिलेल्या पेपरची असते. वयाचे गुण कुठल्या अभ्यासानं वाढतात? १९६७ चा कागद पास-नापासाचा होता, पन्नास मिळाले की पुढे. आजचा कागद मेरिट लिस्टचा आहे, आणि लिस्टचा कटऑफ दर फेरीला हलतो. एकोणतीस वर्षांचा, एकटा, पदवीधर, उत्तम इंग्रजीचा, तीन वर्षं भारतात नोकरी केलेला मुलगा घ्या. त्याचे गुण होतात ४२९. २०२४ मधल्या सर्वसाधारण फेऱ्यांत कटऑफ पाचशेच्या वर होता, तर फ्रेंच येणाऱ्यांसाठीच्या फेऱ्यांत चारशेच्या खालीही गेला. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे गुण एका दिवसात काढून टाकले. कालपर्यंत ज्याच्याकडे ते होते, त्यानं रात्रीत काय गमावलं? स्वतःतलं काहीच नाही. एका देशानं आपल्या बाजारात काय हवंय याची यादी बदलली, इतकंच.

म्हणून हा तक्ता चरित्र म्हणून वाचू नये, जाहिरात म्हणून वाचावा. 'पाहिजे'ची लांबलचक, प्रामाणिक जाहिरात. केपच्या कायद्यानं भाषेआड रंग लपवला होता, हा तक्ता काही लपवत नाही. त्याला तरुण, इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणारा, लगेच कामाला लागणारा माणूस हवाय, आणि तो तसं सांगतो. खोट तक्त्यात कमी आणि आपल्या वाचनात जास्त आहे. दुसऱ्याची गरज आपण आपली किंमत म्हणून वाचतो, आणि घरात, मित्रांत, लग्नाच्या बोलण्यातही तोच आकडा सांगायला लागतो.

आता त्या केपच्या फायलींकडे. त्या उरल्या, म्हणून ती माणसं उरली. एक्स्प्रेस एन्ट्रीचं प्रोफाइल बारा महिन्यांनी संपतं. बोलावणं न आलेल्या माणसानं पुन्हा नवं भरायचं, वय तिशीत असेल तर पाच-सहा गुण कमी घेऊन. या वाट बघण्याचा पुढच्या इतिहासकाराला फोटो मिळणार नाही, ठसा मिळणार नाही. आपलं परदेशाबद्दलचं मराठी लेखन मुख्यतः पोहोचलेल्यांनी लिहिलंय : पहिला बर्फ, पहिली दिवाळी, आईच्या हातची चव. कटऑफच्या खाली राहिलेल्यांचं, दर फेरीच्या रात्री फोन बघणाऱ्यांचं, तिशीचा वाढदिवस साजरा न करणाऱ्यांचं लेखन जवळपास नाही. ते लिहिलं जायला हवं, आणि ते जाऊन आलेल्यांना लिहिता येणार नाही.

अर्जात मुरुडला एकच जागा मिळते, जन्मस्थळाच्या रकान्यात. तिथे गुण नाहीत. बेने इस्रायल समाजानं गाव आडनावात बांधून नेलं, म्हणून इस्रायलमध्ये आजही पेणकर आणि रोहेकर आहेत. तक्ता भरणाऱ्यानं तो जरूर भरावा, नीट भरावा. फक्त १२०० पैकी किती, हे 'कुणाचा रे तू?' चं उत्तर नाही, हे त्यानं भरताना विसरू नये.