संमेलनाच्या मांडवात कोण?

मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनांची परंपरा जुनी. १९३३ साली नागपूरला लक्ष्मीबाई टिळक अध्यक्ष होत्या. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण नगर-जालना भागातली चर्चे ज्या महार-मांग वस्त्यांनी भरली, त्यांचा लेखक व्यासपीठावर कितीदा दिसला? १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींबाहेर राहिला. बौद्धांना १९९० साली त्यात स्थान मिळाले, हा अजून बाहेरच. साहित्यानेही त्याला दारात उभे करावे काय?

लोणावळ्याला लेखकांचे शिबिर भरवणाऱ्यांनी हवा-खोल्या पाहण्याआधी मुक्कामाची फी पाहावी. वाङ्मयीन निवड तिथेच उरकते! रविवारची उपासना आटोपून कामशेत-मळवलीहून लोकलने येणाऱ्या कवीसाठी दुपारचे पहिले सत्र राखा, जेवण फुकट द्या. मान्यवरांची भाषणे त्यानंतर.