९९ दिवसांत बांधकाम परवानगी : हा आकडा नेमका कोणाचा?

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी सगळ्यात आधी विचारतात, ‘डेटा कुठून मिळेल?’ प्रश्न बरोबरच आहे. पण डेटा हातात आल्यावर त्याला कोणते प्रश्न विचारायचे, हे आपल्याकडे फारसं कोणी शिकवत नाही. म्हणून आज एक गाजलेलं माप घेऊन ते उलटसुलट तपासूया. विषय वरवर रुक्ष आहे : शहरात बांधकामाची परवानगी मिळायला किती दिवस लागतात?

जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ नावाचा अहवाल दरवर्षी निघायचा. कोणत्या देशात धंदा करणं किती सोपं, याची ती क्रमवारी. त्यात एक निर्देशांक बांधकाम परवान्याचा होता. २०१८ च्या अहवालात मुंबईसाठी ३७ टप्पे आणि १२८.५ दिवस असा आकडा होता. पुढच्याच अहवालात तो २० टप्पे आणि ९९ दिवस झाला. भारताचा या निर्देशांकातला क्रमांक १८१ वरून थेट ५२ वर आला आणि २०२० च्या अहवालात २७ वर. बातम्या झाल्या, जाहिराती झाल्या. पण हे ९९ दिवस कोणाचे?

आधी पद्धत समजून घेऊ. अहवालात एक ठरावीक काल्पनिक इमारत असायची : दुमजली गोदाम, दोन्ही मजले मिळून सुमारे १,३०० चौरस मीटर, वापर पुस्तकं किंवा स्टेशनरी ठेवण्यासाठी. पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी त्यात धरलेली. ही इमारत बांधायला कायद्याने काय काय करावं लागेल आणि त्याला साधारण किती दिवस लागतील, हे त्या शहरातल्या आर्किटेक्ट, वकील, बिल्डर अशा जाणकारांना विचारायचं. टप्पे, दिवस, खर्च आणि बांधकामाच्या गुणवत्तेवरचं नियंत्रण अशा चार भागांना सारखं वजन. भारतासाठी दोनच शहरं : मुंबई ४७ टक्के, दिल्ली ५३ टक्के. नागपूर, नाशिक, कोल्हापूर शून्य टक्के.

टीका करण्याआधी या मापाचं श्रेय त्याला द्यायला हवं. जगभरातल्या शहरांची तुलना करायची तर सगळीकडे एकच इमारत धरावी लागते. आपण प्रयोगशाळेत प्रमाणित नमुना वापरतो, तसंच हे. पद्धत उघडपणे लिहिलेली होती, म्हणून तर आज आपण तिच्यावर बोलू शकतो. आणि अर्जदाराला दहा खात्यांत फिरवण्यापेक्षा एकाच ऑनलाइन अर्जातून ना-हरकती मागवणं चांगलंच की. माझा आक्षेप सुधारणेवर नाही. त्या आकड्यावरून जो निष्कर्ष काढला गेला, त्यावर आहे.

पहिला मुद्दा नमुन्याचा. मुंबईत मोकळ्या प्लॉटवर पुस्तकांचं दुमजली गोदाम बांधणारे असे किती असतील? या शहरातलं बांधकाम म्हणजे मोठ्या प्रमाणात पुनर्विकास : जुन्या चाळी, सोसायट्या, भाडेकरूंच्या इमारती, झोपडपट्टी पुनर्वसन. तिथे रहिवाशांची संमती, पर्यायी घरं, एफएसआय, टीडीआर असे मुद्दे येतात. गोदामाच्या गोष्टीत यातलं काहीच नाही. प्रमाणित नमुन्यावर उपकरण बरोबर चाललं, म्हणून खऱ्या नमुन्याचं मापन आपोआप बरोबर ठरत नाही.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. ते कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं? मुंबईत परवानगीचा पहिला मोठा कागद म्हणजे आयओडी, ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. नाव नामंजुरीचं, पण व्यवहारात ती सशर्त मंजुरी. मुंबई महापालिका कायदा १८८८ चा, हे नाव त्याच्या कलम ३४६ मधून आलेलं. अटी पूर्ण केल्या की सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला, तोही सहसा आधी जोत्यापर्यंत. शेवटी ओसी, भोगवटा प्रमाणपत्र. आता समजा फाईलवर त्रुटी निघाली, आर्किटेक्टने नकाशा दुरुस्त करून पुन्हा दाखल केला. मधले वीस दिवस महापालिकेचे की अर्जदाराचे? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, अर्थात प्रस्ताव नियमांत बसत असेल तर. म्हणजे घड्याळ कसं लावता यावर उत्तर बदलतं. अहवालाचं गृहीतक असं की कंपनी वेळ अजिबात वाया घालवत नाही आणि प्रत्येक टप्पा लगेच पूर्ण करते. असा अर्जदार तुम्हाला भेटला तर मलाही भेटवा.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेरी हॉलवर्ड-ड्रायमायर आणि लँट प्रिचेट यांचा २०१५ चा एक शोधनिबंध आहे. त्यांनी ‘डुइंग बिझनेस’चे आकडे आणि जागतिक बँकेच्याच ‘एंटरप्राइज सर्व्हे’तले आकडे शेजारी ठेवले. या दुसऱ्या पाहणीत कंपन्यांनाच विचारलेलं असतं, की तुम्हाला प्रत्यक्षात किती दिवस लागले? दोन्हींचा मेळ जवळजवळ बसत नाही, असं दिसलं. कंपन्या सांगतात ते दिवस बहुतेक ठिकाणी अहवालापेक्षा कमी. शिवाय एकाच देशात कोणाचं काम झटकन होतं, तर कोणाचं महिनोन् महिने रखडतं. त्यांचा निष्कर्ष असा की अशा देशांत काम नियमाने कमी आणि ‘डील’ने जास्त चालतं. आपल्या भाषेत, कोणाची ओळख कुठे आहे यावर. मग ‘एका शहराचा एक आकडा’ या कल्पनेलाच अर्थ उरत नाही. सांगायची गोष्ट सरासरी नसतेच, पसारा असतो.

इथे आपण थांबू शकलो असतो, पण कंपन्यांना विचारणारी पाहणीही एका ठिकाणी आंधळी आहे. ती दिवस विचारते ते गेल्या दोन वर्षांत अर्ज केलेल्यांनाच. ज्यांनी अर्ज केलाच नाही, ते कुठे मोजायचे? ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. मुंबईला लागूनच असलेल्या ठाणे महापालिकेच्या हद्दीतली ही जागा. या इमारतीचा परवानगीचा काळ काय लिहाल? शून्य दिवस? की रिकामा रकाना? बहुतेक सॉफ्टवेअर रिकामा रकाना गुपचूप वगळून टाकतं, आणि ७४ माणसं विश्लेषणाबाहेर जातात. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं उदाहरण वेगळं. तिथे पाच मजल्यांपर्यंतची मंजुरी होती, काही इमारती त्याच्या कितीतरी वर गेल्या आणि लोक ओसीशिवाय वर्षानुवर्षं राहिले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ मध्ये वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना घरं सोडावी लागली. परवानगी मिळायला लागलेले दिवस मोजून यातलं काय कळलं असतं?

निर्देशांकात गुणवत्तेचा भाग होता, हे खरं. नियम सहज मिळतात का, तपासण्या सक्तीच्या आहेत का आणि होतात का, तपासणाऱ्यांची पात्रता काय, असे प्रश्न, एकूण १५ गुण. पण उत्तरं पुन्हा त्याच नियम पाळणाऱ्या काल्पनिक गोदामाबद्दल.

शेवटचा मुद्दा. क्रमवारी चर्चेत आली की सरकारं नेमकी तीच संख्या सुधारायला लागतात. दोन शहरं मोजली जात असतील तर दोन शहरांवर जोर. यात लबाडी असायलाच हवी असं नाही, पण मापाचं लक्ष्य झालं की ते माप म्हणून कमजोर होतं. पुढे २०१८ आणि २०२० च्या अहवालांच्या डेटात अनियमितता आढळल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने अहवालच बंद केला. ज्या चार देशांच्या आकड्यांवर बोट ठेवलं गेलं, ते चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान. भारत त्यात नव्हता, हेही नीट लक्षात घ्या. वरचे सगळे आक्षेप आकडे पूर्ण प्रामाणिक असते तरी लागू राहिले असते.

मग तुम्ही हा विषय घेतलात तर काय कराल? एक शहर घ्या. ठरावीक वर्षात दाखल झालेल्या सगळ्या प्रस्तावांच्या तारखा मिळवा, लागला तर माहिती अधिकार वापरा. फक्त मंजूर फाईली मोजू नका. अजून अडकलेल्या फाईली वगळल्या तर उत्तर हमखास कमी येईल. वैद्यकीय संशोधनात अशा अपूर्ण नोंदींसाठी सर्व्हायव्हल अॅनालिसिस वापरतात, ते इथे जसंच्या तसं चालतं. सरासरीऐवजी मध्यक द्या आणि सोबत सगळ्यात हळू दहा टक्के फाईलींना किती दिवस लागले तेही. लहान घरमालक आणि मोठा बिल्डर वेगळे दाखवा. आणि त्याच वर्षी त्याच प्रभागात परवानगीविना काय उभं राहिलं, याचा निदान अंदाज तरी शेजारी ठेवा.

एवढं केल्यावर तुमच्याकडे जगाची क्रमवारी लावणारा आकडा नसेल. पण एखाद्या प्रभागात घर बांधायला निघालेल्या माणसाने विचारलं, ‘मला किती दिवस लागतील?’, तर त्याला काहीतरी खरं सांगता येईल.