देव चाकरीला राहतो

नेवासे म्हटले की मराठी वाचकाला ज्ञानेश्वरी आठवते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता सांगितली, तो पैस खांब पाहायला भाविक येतात. खंडोबाच्या जागरणाला बसणाऱ्या माणसाच्या लेखी मात्र हे गाव देवाची सासुरवाडी आहे. इथल्या तिमशेट वाण्याची लेक म्हाळसा. देवाने मुलीला मागणी घातली ती बापाच्या स्वप्नात जाऊन, आणि लग्न लागले सातारा जिल्ह्यातल्या पालीला, पौष पौर्णिमेला. पालीत दरवर्षी पौषात हे लग्न पुन्हा लागते. पौष पौर्णिमेलाच इकडे पारनेर तालुक्यात, पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाची यात्रा भरते. आता अहिल्यानगर झालेल्या या नगर जिल्ह्यात देवाचे प्रेम आणि संसार ही पंचांगात नोंदलेली गोष्ट आहे.

इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात जुना काळ, अलौकिक नायक आणि प्रेमकथा या तिन्हींच्या मिश्रणाला गेली तीस-पस्तीस वर्षे मोठी मागणी आहे. डायना गॅबाल्डनच्या १९९१ च्या ‘आउटलँडर’मध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेली परिचारिका १७४३ सालच्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते. मॅडलिन मिलरच्या ‘द साँग ऑफ अकिलीस’ने ग्रीक पुराणातला वीर प्रियकर म्हणून उभा केला आणि २०१२ चे ऑरेंज पारितोषिक मिळवले. आपल्याकडे २०१० मध्ये अमीश त्रिपाठी यांच्या ‘इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ने शिव आणि सती यांना नायक-नायिका केले. मराठी वाचक ही पुस्तके आवडीने वाचतो. मग याच जातीची मराठी कादंबरी कुठे आहे?

गोष्ट आहे, आणि भरपूर आहे. ती कादंबरीत नाही, इतकेच. पोथीत आहे, जागरणात आहे, संगीत नाटकात आणि पडद्यावर आहे. शिवाय तिची जात वेगळी आहे. इंग्रजी प्रणयकथेत बहुधा बाईच आपले जग सोडते आणि त्या गूढ, धोकादायक पुरुषाच्या जगात ओढली जाते. मराठी गोष्टीत देवच खाली उतरतो, बाईच्या दारात येतो आणि तिच्या बापाकडे चाकरीला राहतो. या प्रकाराची सगळी मोहिनी त्या चाकरीत आहे. चमत्कार हा नंतरचा भाग.

म्हाळसेची सोयरीक रीतसर झाली. देवाच्या दुसऱ्या बायकोची, बानूची गोष्ट मात्र प्रेमातून सुरू होते आणि अटीतटीने पुढे सरकते. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना देव हरतो आणि पैजेपायी बारा वर्षांचा वनवास पत्करतो. वेश पालटून तो चंदनपुरीच्या धनगराकडे, म्हणजे बानूच्या बापाकडे, मेंढक्या म्हणून राहतो. चंदनपुरी आज नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळ. एका कथनात त्याला मेंढरे धुऊन आणायला सांगतात आणि हा पठ्ठ्या ती धोब्यासारखी दगडावर आपटून मारून टाकतो. बानू आक्रोश करते. मेंढरे जिवंत करायची तर मुलगी द्या, अशी देवाची अट. भंडारा उधळला जातो, कळप उठून उभा राहतो, लग्न ठरते. आजच्या नजरेने पाहिले तर ही अट म्हणजे उघड अडवणूक आहे, आणि गोष्ट ती झाकत नाही. भक्ताला आपला देव लबाड असलेला चालतो, किंबहुना आवडतो.

खरी रंगत लग्नानंतर येते. म्हाळसा लिंगायत वाण्याची, शाकाहारी, सोवळ्यातली. बानू मेंढरांत वाढलेली, मटण रांधणारी, तोंडाने फटकळ. दोघींची भांडणे हा जागरणातला हमखास गाजणारा भाग. एकमेकींच्या जातीवर, रूपावर, राहणीवर आणि हातच्या स्वयंपाकावर त्या तुटून पडतात आणि मल्ल दैत्याला मारणारा देव मध्ये अडकतो. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाशेजारी, तर बानूचे देऊळ वाटेत, अर्ध्या डोंगरावर. सवतींचा तंटा देवळांच्या जागांपर्यंत पोहोचला आहे. परंपरा देवाला आणखी तीन बायका देते: शिंपीण रंभाई, माळीण फुलाई आणि चांदाई. चांदाईला कुठे तेलीण म्हणतात, कुठे मुसलमान. गावगाड्यातल्या इतक्या घरांशी सोयरीक असलेला नायक पॅरिस किंवा एडिंबरोच्या प्रणयकथेत सापडणार नाही.

संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’चा विषय मणी-मल्लांचा वध. बानूच्या प्रेमाला त्यात जागा नाही. ते वाढले लोकगीतांत आणि धनगरी ओव्यांत. रा. चिं. ढेरे यांनी १९६१ च्या ‘खंडोबा’ या पुस्तकात या दैवताचा मागोवा घेतला. जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर धनगरवाड्यांवर फिरले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला. एक परदेशी माणूस या प्रेमकथेसाठी धनगरांच्या तळावर जाऊन बसला. मराठी कादंबरीकाराला तिकडे जावेसे वाटले नाही, हे टोचते.

नगर आणि बीडच्या सीमेवरचा गर्भगिरी डोंगर ही या गोष्टींची दुसरी पेठ. मढीला कानिफनाथ, सावरगावाजवळच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथ, नगरजवळ गोरक्षनाथ गड. १८१९ मध्ये धुंडिसुत मालू नरहरीने रचलेल्या चाळीस अध्यायांच्या ‘नवनाथ भक्तिसारा’ची पारायणे आजही घरोघर होतात. पारायण करणाऱ्याच्या मनात पुण्य असते, पण वाचनाची ओढ पुष्कळदा कथेची असते. स्त्रीराज्याच्या राणीने तप केले ते मारुतीसाठी. ब्रह्मचारी मारुतीने आपली अडचण मच्छिंद्रनाथांच्या गळ्यात घातली. महायोगी तिथे जाऊन संसारात रमला, त्याला मीननाथ नावाचा मुलगा झाला. शेवटी शिष्य गोरक्षनाथ नर्तकीच्या ताफ्यात मृदंग्या बनून दरबारात शिरला आणि मृदंगाच्या बोलांतूनच त्याने गुरूला जागे केले. परतीच्या वाटेवर गुरूच्या झोळीत राणीने दिलेली सोन्याची वीट होती. ती फेकून देऊन गोरक्षाने अख्खा डोंगरच सोन्याचा केला, तो हाच गर्भगिरी, असे इकडची माणसे सांगतात. वैराग्याच्या पोथीत राणीला इतकी जागा देणाऱ्या मालूकवीला कथा कळत होती. त्याच पोथीतला भर्तरी पिंगलेसाठी स्मशानात बारा वर्षे शोक करतो आणि गोरक्षनाथ त्याच्यापुढे एक सोडून कितीतरी पिंगला उभ्या करतात. त्यातली आपली कोणती, हे त्याला ओळखता येत नाही. प्रेमाची इतकी क्रूर परीक्षा आधुनिक मराठी कथेतही विरळाच.

स्त्रीराज्याच्या या कथेवर १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘माया मच्छिंद्र’ काढला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्र, दुर्गा खोटे राणी आणि राणीच्या शेजारी जिवंत चित्ता. बोलपट मराठीत नुकता अवतरला होता, आणि त्या पहिल्याच वर्षात मराठी पडद्याला अलौकिक प्रणयाचे वावडे नव्हते. त्याआधी पन्नास वर्षे, १८८२ मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त अर्जुन संन्याशाच्या वेशात सुभद्रेच्या माहेरी राहिला, घटोत्कचाने निजलेल्या सुभद्रेला उचलून नेले आणि कृष्णाने पडद्याआडून दोऱ्या ओढल्या. सगळा मामला पौराणिक, बोलणे मात्र पुण्याच्या वाड्यातले. ‘सौभद्र’ अजून रंगभूमीवर येते ते केवळ पदांमुळे नव्हे. दारात आलेला वेषधारी जावई मराठी प्रेक्षकाला आजही हवासा वाटतो.

कादंबरीचे काय झाले? सुरुवात अद्भुताचीच होती. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. १८७१ मध्ये गुंजीकरांचे ‘मोचनगड’ आले आणि ऐतिहासिक कादंबरीचा रस्ता खुला झाला. हरिभाऊ आपट्यांनी इतिहासाला आणि समाजाला प्रतिष्ठा दिली, तेव्हा अद्भुत हळूहळू पोरासोरांच्या आणि वाचनालयातल्या हलक्या कपाटाच्या वाट्याला गेले. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना जागे ठेवले, पण समीक्षकांच्या तोंडी त्या नावाबरोबर कौतुकाइतकाच संकोचही असतो.

पुढे पुराणपुरुष परत आले, पण कपडे बदलून. खांडेकरांच्या ‘ययाती’त (१९५९) तारुण्याची देवघेव आहे, मात्र लेखकाचे लक्ष भोगाच्या अपुरेपणावर. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाची कवचकुंडले आहेत, पण ती अन्यायाची खूण म्हणून. रणजित देसाईंचा ‘राधेय’ (१९७३) तसाच आत वळलेला. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने तर महाभारतातली माणसे अलौकिकाचा शेंदूर खरवडून दाखवली. त्यातून मराठीला उत्तम ग्रंथ मिळाले, याबद्दल वाद नाही. पण देव किंवा वीर बाईच्या दारात उभा राहतो तेव्हाची गंमत, त्याची लबाडी आणि तिचा फटकळपणा यांना त्या गंभीर स्वगतांत जागा उरली नाही. ‘मृत्युंजय’मध्ये वृषालीला निवेदनाचा मान मिळाला, ती बोलते मात्र नवऱ्याच्या मोठेपणाविषयीच अधिक.

भुताखेतांची बाजू दुसरीकडे गेली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी गूढकथेला स्वतःचा वाचकवर्ग मिळवून दिला, पण त्यांचे अलौकिक प्रामुख्याने भीतीचे, आधुनिक घरांतले. इतिहास एका लेखकाकडे, पुराण दुसऱ्याकडे, गूढ तिसऱ्याकडे, आणि प्रेम मासिकांतल्या कथांकडे, अशी ही वाटणी झाली. नगरच्या लोकांनी अशी वाटणी कधी मानली नाही. शहराबाहेरच्या डोंगरावर निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे, आणि सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. १५९५-९६ मध्ये मुघलांपुढे किल्ला लढवणाऱ्या त्या सुलतानेवर मेडोज टेलरने १८७८ मध्ये ‘अ नोबल क्वीन’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. लोकांनी त्याची वाट पाहिली नाही. त्यांनी मंत्र्याची कबरच राणीच्या नावावर करून टाकली.

हे तुकडे पुन्हा जोडले टीव्हीने. १८ मे २०१४ पासून जवळजवळ तीन वर्षे झी मराठीवर कोठारे व्हिजनची ‘जय मल्हार’ मालिका चालली. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बानू. संगणकी चमत्कार बाळबोध होते आणि मालिका लांबवण्याची खटपट लपत नव्हती. तरी ती लागली, कारण निर्मात्यांनी केंद्र अचूक ओळखले: म्हाळसेची घोटीव भाषा आणि बानूची रांगडी बोली समोरासमोर येताच पडदा जिवंत होई. उणीव वेगळी होती. जागरणातली चावट, जातीपातीचे उणेदुणे उघड काढणारी भांडणे मालिकेने धुऊनपुसून घेतली. पिळदार शरीराच्या देवावर कॅमेरा खिळला आणि मेंढ्या राखणारा, बोलणी खाणारा चाकर दुय्यम झाला.

आणि एक बाजू या मोहक कथेच्या कोणत्याच रंगीत आवृत्तीत येत नाही. देवाशी लग्न ही कल्पना काही मुलींच्या आयुष्यात शब्दशः उतरली. नवसापोटी खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्यांना माणसाशी लग्न करता येत नसे, आणि देवाच्या नावाने त्यांचे शोषण होई. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सोमवंशीय मित्र’मधून या चालीविरुद्ध मोहीम उघडली. १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा आणि २००५ चा महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलन कायदा ही त्यापुढची पावले. आज दिमडी आणि तुणतुण्याच्या साथीने रात्र जागवणारी मुरळी पुष्कळदा व्यावसायिक कलाकार असते, सुपारी घेते, पार्टी चालवते. अलौकिक नायकावरच्या प्रेमाची किंमत कोणी मोजली, हे माहीत असलेला लेखकच ही कथा नव्याने लिहू शकेल. नाहीतर हाती उरेल ती भंडारा उधळलेली दिनदर्शिका.

लिहिण्यासारखे पात्रही समोर आहे. होळकरांच्या घरात मल्हार आणि खंडेराव ही नावे, जेजुरीच्या गडावर त्यांनी केलेली बांधकामे, जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या धनगर घरातली अहिल्याबाई. त्यामुळे बानूच्या बाजूला इतिहासाचे पाठबळ आहे. नेवाशाच्या लेकीकडे मात्र कोणी पुरेसे पाहिले नाही. सारीपाट तिने जिंकला होता. डाव जिंकला म्हणून नवरा बारा वर्षे गेला, आणि परतला तो सवत घेऊन. गाणी तिला बहुतेक वेळा भांडणाच्या तोंडीच आणतात. दारात आलेल्या बानूला पाहून ती पहिला शब्द बोलते, त्याआधीच्या बारा वर्षांत व्यापाऱ्याच्या या हिशेबी मुलीने जेजुरीचे घर कसे चालवले, पाट पुन्हा मांडला की जाळला, येणाऱ्या-जाणाऱ्या धनगरांना देवाची खबर विचारली का, एवढ्यावर एक कादंबरी उभी राहील. तिला चमत्कार फारसे लागणार नाहीत. लिंगायत वाण्याच्या घरातल्या चालीरीती, पेढीचा हिशेब आणि सवतीला द्यायच्या शिव्या मात्र नीट ठाऊक असाव्या लागतील.