'येतो' आणि 'आगमन' : ख्रिस्ती पुनरागमनश्रद्धेची मराठी भाषा

ख्रिस्त पुन्हा येणार, ही श्रद्धा मराठीत प्रायः धर्मोपदेशाचा किंवा खंडनमंडनाचा विषय झाली. ती ज्या शब्दांत मांडली गेली त्या शब्दांची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. प्रस्तुत विवेचनासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले हे गाव घेण्यास कारण आहे. जोग नदीच्या खाडीपलीकडील हर्णै हे स्कॉटिश मिशनऱ्यांचे जुने केंद्र. १८२९ साली मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीचे आरंभीचे अध्ययन तेथेच केले. या किनाऱ्यावरील बोलीत पुनरागमनाच्या कल्पनेस अत्यंत निकटचा असा एक प्रयोग नित्य कानी पडतो.

आंजर्ल्यातील घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मग तो हर्णैच्या बाजारास निघालेला असो की मुंबईच्या गाडीस. चुकून 'जातो' निसटलेच, तर वडीलधारी मंडळी 'येतो म्हण' असे तत्काळ बजावतात. हा प्रयोग अवघ्या मराठी मुलखाचा आहे. पण ज्या गावची निम्मी कर्ती माणसे समुद्रावर किंवा मुंबईस, तेथे त्याला वजन अधिक. त्यास केवळ अशुभपरिहार म्हणणे अपुरे होय. निघण्याच्या क्रियेस येथे परतण्याच्या क्रियेचे नाव मिळते, आणि मधल्या काळात दार, गुरे, म्हातारी माणसे मागे राहिलेल्यांवर सोपविली जातात. योहानाच्या शुभवर्तमानातील ख्रिस्ताच्या निरोपाच्या भाषणाची घडण नेमकी अशीच आहे : जाणे आणि पुन्हा येणे तेथे एकत्रच सांगितले आहे.

धर्मशिक्षणाच्या मराठीने मात्र 'द्वितीयागमन', 'पुनरागमन' अशी भारदस्त नामे पसंत केली. ती चुकीची नाहीत. ग्रीक 'पारूसिया' या शब्दात 'उपस्थिती' हा अर्थ आहे, तसाच राजाच्या अधिकृत भेटीचाही. हा दुसरा अर्थ 'आगमना'त चांगला उतरतो. हानी होते ती पहिल्याची. क्रियापदाचे नाम झाले की कर्ता मागे सरतो आणि प्रसंग पुढे येतो. प्रसंग म्हटला की तिथी आलीच. कड्यावरच्या गणपतीच्या या गावात आगमन पंचांगाने ठरते, आणि विसर्जनाच्या वेळी पुढल्या वर्षी लवकर येण्याची विनवणी होते. तीही दुसऱ्या येण्याचीच भाषा. परंतु ते येणे वर्षाच्या चक्रातले, तर ख्रिस्ती श्रद्धेतील येणे एकदाचे व अज्ञात दिवशीचे आहे. 'पुनरवतार' हा शब्दही याच कारणाने चालत नाही : अवतार नवे रूप घेतो, येथे गेलेलाच परत यावयाचा आहे.

तिथीचा मोह किती महाग पडतो, हे अमेरिकेत दिसले. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित मानला. काहींनी शेतातील पीकही काढले नाही, असे सांगितले जाते. दिवस उलटला, आणि त्याचे नाव 'महानिराशा' असे पडले.

आदिख्रिस्ती मंडळीची आरामाइक प्रार्थना 'मारानाथा' या दृष्टीने उद्बोधक आहे. 'मारान् आथा' असा पदच्छेद केल्यास 'आमचा प्रभू आला आहे' असा अर्थ होतो. 'माराना था' असा केल्यास 'हे आमच्या प्रभो, ये'. विद्वानांचा कल बहुधा दुसऱ्याकडे असला, तरी दोन्ही पदच्छेदांत क्रियापद आहे, नाम नाही. मराठी 'येतो' सुद्धा असाच दोन काळांवर पाय ठेवून उभा असतो. अर्थात तो पुष्कळदा निव्वळ उपचार होतो, हेही खरे. सवयीने म्हटलेला 'येतो' आणि सवयीने म्हटलेला मतांगीकार यांत फारसे अंतर नाही.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात काम सोडून बसलेल्यांची कानउघाडणी आहे : ज्यास काम करणे नको, त्याने जेवूही नये. याकोबाच्या पत्रात तर धीराचा दाखला शेतकऱ्याचा आहे. तो पहिल्या आणि शेवटल्या पावसाची वाट पाहतो. पॅलेस्टाइनमधील हे पाऊस शरदातले आणि वसंतातले. आंजर्ल्याचा वाचक तेथे मृग आणि हस्त वाचील. भूगोल चुकेल, पण अर्थ चुकणार नाही. कारण मृगाची वाट पाहणे म्हणजे राब भाजणे, बांध घालणे आणि बियाणे काढून ठेवणे, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही.