डोनेडला परत जायचं नव्हतं

'फायनल फँटसी टॅक्टिक्स अॅडव्हान्स' हा 2003चा गेम मी बराच उशिरा, हिंगोलीत लोडशेडिंगच्या दुपारी, मोबाईलवरच्या इम्युलेटरमध्ये खेळलो. चौकटींच्या पटावर आपली माणसं आळीपाळीने हलवायची, असा प्रकार. त्यातली पहिली लढाई म्हणजे शाळकरी पोरांनी एकमेकांना मारलेले बर्फाचे गोळे.

मार्श त्या गावात नवा. म्यूटला पोरं छळतात, त्याची आई वारलीय, बाप खचलाय. रिट्झ आपले पांढरे केस रंगवून लपवते. मार्शचा धाकटा भाऊ डोनेड व्हीलचेअरवर. मग एक जुनं पुस्तक उघडलं जातं आणि गावाचं 'आयव्हालिस' होतं. म्यूट राजपुत्र, त्याची आई राणी, बाप मानाचा न्यायाधीश. आणि डोनेड चालतोय.

मार्शला मात्र घरी परतायचंय. म्हणजे ज्याला आपण खेळवतो तो नायक भावाचे पाय काढून घ्यायला निघालाय! डोनेड त्याच्या वाटेत माणसं घालतो. दोघं समोरासमोर येतात तेव्हा मार्शही बोलून जातो की सगळ्यांचं लक्ष कायम तुझ्याकडेच असायचं. बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परत जायचं का, हा प्रश्न पुण्यात नोकरी करताना दर दिवाळीला पडतो, त्यामुळेही असेल.

पुढचा भाग, 'ए टू', जपानमध्ये 2007 साली आला. पेशे 34चे 56 झाले, वंश पाचाचे सात. प्रदेशांसाठी लिलाव आले. खेळ म्हणून तो सरस आहे, हे मान्य करतो. माझे तासही त्यातच जास्त गेलेत. पण कामांची यादी उघडली की ऑफिसातला तिकिटांचा बोर्ड आठवतो. हे कर, ते आण, बंद कर, पुढचं घे. हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनासारखं आहे ते. पाळणे, दुकानं, गर्दी, सगळं झकास. पण एका स्टॉलला शेजारच्या स्टॉलशी काही देणंघेणं नसतं.

कायद्यांचंच घ्या. दोन्ही गेममध्ये लढताना काही गोष्टींवर बंदी असते. पहिल्यात बंदी मोडली तर माणूस तुरुंगात जातो, आणि तो जाच म्यूटच्या स्वप्नाचा भाग असतो. छळ सोसलेल्या पोराने मागितलेल्या जगात नियम कडक असणारच. दुसऱ्यात बंदी मोडली की पडलेल्या साथीदाराला त्या लढाईत उठवता येत नाही. डावपेच म्हणून हे चांगलं, पण गोष्टीत त्याला मूळ नाही.

लुसो हा 'ए टू'चा नायक पोरका आहे, मावशीकडे राहतो. त्याने परत का जावं, हा प्रश्न मार्शच्या प्रश्नाहून धारदार होऊ शकला असता. गेम तो विचारतच नाही. लुसोला फक्त पुस्तकाची कोरी पानं पराक्रमांनी भरायची आहेत, ती भरली की घर. त्यात कुणाचं काही जात नाही.

जुन्या गेमची, राणीशी होणाऱ्या शेवटच्या लढाईआधीची सेव्ह फाइल माझ्याकडे अजून आहे. ती लढाई मी एकदाच जिंकलो. या फाइलमध्ये डोनेड अजून चालतोय.