शिफारस : एक उपेक्षित गद्यप्रकार

कादंबरी, लघुकथा, नाटक, निबंध यांच्या लक्षणांची चर्चा करण्यांत आमच्या टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. परंतु ज्या गद्यप्रकाराची रचना आपणांपैकीं प्रत्येकजण आठवड्यांतून एकदां तरी करतो, आणि ज्याचा श्रोता लागलीच खिशांत हात घालून आपला अभिप्राय व्यक्त करतो, त्याकडे कोणी गंभीरपणें वळून पाहिल्याचें निदान माझ्या पाहण्यांत नाहीं. हा प्रकार म्हणजे शिफारस. "आमच्याकडे वर्षानुवर्षें हाच चहा येतो", "छत्री घ्यायची तर लांकडी दांड्याचीच घ्या", "हें तेल एकदां लावून पहाच" हीं वाक्यें ओटीवर, जिन्यावर, लग्नाच्या पंक्तींत आणि आगगाडीच्या डब्यांत रोज उच्चारलीं जातात. तीं ऐकून माणसें आपल्या कष्टाचा पैसा वेंचतात. एवढा परिणाम किती कादंबऱ्यांचा होतो?

शिफारस आणि जाहिरात यांची मात्र गल्लत होऊं नये. जाहिरात करणारा हाच मालाचा धनी असतो, व तो आपल्या मालाची स्तुतिच करणार हें ऐकणारा गृहीत धरून चालतो. बाजारांत बसून "किडकीं बोरें घ्या" असें कोणी ओरडत नाहीं. शिफारशीचें तसें नाहीं. तिचें सारें बळ बोलणाऱ्याच्या निरपेक्षतेंत आहे. वस्तूच्या खपांत याचा वांटा नाहीं आणि तरीही हा बोलतो आहे, एवढ्या एकाच कारणासाठीं आपण त्याचें ऐकतों. म्हणून या प्रकाराचें परीक्षण करतांना भाषेच्या सौंदर्याआधीं बोलणाऱ्याचीच पारख करावी लागते.

ही पारख कशी करावी हें आपल्या न्यायशास्त्रानें फार पूर्वीं सांगून ठेवलें आहे. गौतमानें शब्द हें प्रमाण मानलें, तें आप्ताच्या उपदेशापुरतें. आणि आप्त कोणास म्हणावें हें सांगतांना भाष्यकार वात्स्यायनानें दोन गोष्टी मागितल्या. बोलणाऱ्यानें ती वस्तु स्वतः प्रत्यक्ष जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास कळावी अशी त्याची इच्छा असावी. पुढें तो असेंही म्हणतो कीं, हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे. आपल्या विषयापुरता याचा अर्थ असा कीं, भांडीं घासण्याच्या साबणाविषयीं रोज सहा घरचीं भांडीं घासणारी बाई आप्त आहे. आणि ज्यानें जन्मांत एक वाटीही विसळली नाहीं असा विद्वान, मग त्याच्या नांवापुढें कितीही पदव्या असोत, त्या विषयांत आप्त नाहीं.

या प्रकारांतील उत्तम कृतीचा नमुना म्हणून मी माझ्या मावशीची एक शिफारस वाचकांपुढें ठेवतों. शेजारच्या घरीं नव्यानें आलेल्या सुनेनें तिला विचारलें कीं, भाकरीसाठीं तवा कोणता घ्यावा. मावशी म्हणाली, "बिडाचा घे. पण मनगटांत जोर असेल तरच घे हो. पहिले पंधरा दिवस तो तुला रडवील; भाकरी चिकटेल, आणि तूं मला नांवें ठेवशील. रोज तेलाचें बोट फिरवीत जा. ओला ठेवलास तर सकाळीं गंज चढलेला दिसेल. चिंचेचें आंबट त्यावर शिजवूं नकोस. एवढें जमत असेल, तर तो तुझ्या सुनेलाही पुरेल."

या लहानशा उताऱ्याची रचना पाहण्यासारखी आहे. स्तुतीचें वाक्य त्यांत एकच आहे, आणि तें सर्वांत शेवटीं आहे. त्याआधीं जड वजन, पहिल्या पंधरवड्याचा त्रास, गंजाचें भय, आंबटाचें पथ्य, असे वस्तूचे सर्व दोष ओळीनें मांडले आहेत. ज्याला दोष ठाऊक आहेत त्यानें ती वस्तु खरोखर वापरली आहे, ही खात्री ऐकणाऱ्यास आपोआप पटते. दुसरें असें कीं, "मनगटांत जोर असेल तरच" या एका अटीनें ती शिफारस सगळ्या जगासाठीं न राहतां समोर उभ्या असलेल्या त्या एका मुलीसाठीं झाली आहे. मावशीचा आणखीही एक नियम होता. जी वस्तु घरांत एक पावसाळा काढून उठली नाहीं, तिच्याविषयीं ती मुळींच तोंड उघडीत नसे. पावसाळ्यांत मीठ पाझरतें, पापड मऊ पडतात, चामड्यावर बुरशी येते, लोखंड लाल होतें. कोणत्याही वस्तूची खरी परीक्षा आमच्या प्रांतांत आषाढ-श्रावणांत होते. आठ दिवसांचा अनुभव तिच्या लेखीं अनुभवच नव्हता.

घरगुती शिफारस ही अशी असते. ती घराबाहेर पडून छापखान्यांत शिरली म्हणजे तिचें काय होतें, याचीं उदाहरणें आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतच सांपडतात. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस 'कुंतलीन' नांवाचें केशतेल व 'देलखोश' नांवाचें अत्तर तयार करीत असत. १८९६ सालीं त्यांनीं बंगाली कथांसाठीं कुंतलीन पुरस्कार सुरू केला. अट अशी कीं, कथेंत या वस्तूंचा उल्लेख असावा, परंतु तो जाहिरातीसारखा वाटूं नये. पहिल्याच वर्षीं हा पुरस्कार एका निनांवी कथेस मिळाला, आणि ती लिहिणारे निघाले विज्ञानाचार्य जगदीशचंद्र बोस! कलकत्त्यावर येऊं घातलेलें वादळ अकस्मात् नाहींसें होतें. शास्त्रज्ञांस त्याचा उलगडा होत नाहीं. आणि अखेर असें कळतें कीं, जहाजावरील एका टक्कल पडूं लागलेल्या प्रवाशानें केशतेलाची बाटली खवळलेल्या समुद्रांत ओतली होती. तेलानें पाण्याच्या पृष्ठाचा ताण बदलतो व लाटा शमतात, हें शास्त्रांतील तथ्य त्या विनोदाच्या मुळाशीं आहे. पुढें १९०३ सालीं शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'मंदिर' ही कथाही याच पुरस्कारास पात्र ठरली. ती त्यांनीं आपल्या एका मामाच्या नांवानें पाठविली होती.

या पुरस्कारामुळें चांगल्या कथा निपजल्या हें नाकारतां येत नाहीं. तथापि त्या अटीकडे टीकाकारानें डोळे उघडे ठेवून पाहिलें पाहिजे. "उल्लेख करा, पण तो कळूं देऊं नका" हें सांगणें वात्स्यायनाच्या दुसऱ्या अटीच्या अगदी उलट आहे. कारण बोलण्याचा हेतु झांकावा हाच तेथें कौशल्याचा कस ठरतो. जगदीशचंद्रांची कथा या दोषांतून सुटली, ती एका गमतीच्या कारणानें. तेल केसांस चांगलें आहे असें ती कथा सांगतच नाहीं. तें समुद्रास चांगलें आहे असें सांगते! १९२१ सालच्या 'अव्यक्त' या संग्रहासाठीं 'पलातक तूफान' या नांवानें त्यांनीं ती पुन्हां लिहिली, तेव्हां तेलाचें नांवही बदलून 'कुंतल-केशरी' असें कल्पित ठेविलें. बाटलीवरची चिठ्ठी गेली आणि कथा राहिली. जिच्यांतून वस्तूचें नांव काढून घेतलें तरी कांहीं बिघडत नाहीं, ती कृति साहित्य होय. शिफारशीचें मात्र नेमकें उलट आहे. तींतून वस्तु काढून घेतली कीं कांहींच उरत नाहीं, आणि म्हणून तिनें वस्तूशींच इमान राखलें पाहिजे.

आमच्याकडे याच्या शेजारीं ठेवण्यासारखें उदाहरण 'किर्लोस्कर खबर'चें आहे. शंकरराव किर्लोस्कर यांनीं १९२० सालीं हें पत्र काढलें, तें कारखान्याचे अडत्ये व गिऱ्हाइकें यांस नांगरांची व यंत्रांची माहिती व्हावी म्हणून. पुढें त्याचेंच 'किर्लोस्कर' मासिक झालें, आणि १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं भावंडें त्यास लाभलीं. मराठी मध्यमवर्गाच्या विचारांस या मासिकांनीं जें वळण दिलें तें सर्वश्रुत आहे. येथेंही मूळ प्रेरणा मालाच्या प्रसाराचीच होती; परंतु कारखान्याचें नांव कपाळावर गोंदलेलें होतें. हातीं घेणाऱ्यास पहिल्याच पानावर कळत होतें कीं, बोलतो कोण. उघड हेतूनें वाङ्मयाचें नुकसान होत नाहीं. झांकलेल्या हेतूनें होतें, असा माझा या दोन उदाहरणांवरून निष्कर्ष आहे.

यापुढची पायरी थोरांच्या नांवाची. जनावरांची चरबी न वापरतां वनस्पति-तेलांपासून काढलेल्या गोदरेज साबणास रवींद्रनाथ ठाकुरांनीं आपला अभिप्राय दिला होता. ती वस्तुतः साबणाची शिफारस नव्हती. ती स्वदेशीची होती, आणि स्वदेशीच्या विषयांत रवींद्रनाथ बोलावयास अधिकारी होते. याच्या उलट १९४१ सालीं लक्स साबणाच्या जाहिरातींत 'कंगन', 'बंधन' या बोलपटांमुळें सर्वतोमुखी झालेल्या लीला चिटणीस झळकल्या. ती साबणाच्या जाहिरातींत दिसलेली पहिली भारतीय तारका असें मानलें जातें. त्या विदुषी नटीविषयीं मला आदरच आहे. परंतु तेथें वाचकास जें दिसतें तें साबणाचें कार्य नव्हे. तें रूप आहे, आणि तें साबणाच्या आधींपासूनचें आहे. तें कारण आणि हें कार्य असा संबंध वाचकानें आपल्या मनानें जोडावा, एवढीच त्या चित्राची अपेक्षा. साहित्यशास्त्रांत ज्यास व्यंजना म्हणतात तिचा याहून लाभदायक उपयोग आजवर कोणी केला नसेल.

आतां कायद्यानेंही या प्रकारांत लक्ष घातलें आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस आपलें नांव देणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत व पुन्हां तसेंच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. आपण जें सांगतों त्याची योग्य ती शहानिशा त्यानें आधीं केली असल्यास तो सुटतो. २०२२ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें मालकाशीं असलेला आर्थिक संबंध, ऐकणाऱ्यास तो सहज लक्षांत येण्यासारखा नसेल तर, उघड करणें आवश्यक झालें आहे. शहानिशा आणि उघड हेतु! वात्स्यायनाच्या दोन अटींस दंडाचें कलम जोडण्यास आम्हांस इतकीं शतकें लागलीं.

परंतु येथवर दुसऱ्यांस न्याय लावणाऱ्यानें स्वतःची कथाही सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं मीं घरघंटी घेतली. आमचें घर गांवाच्या टोंकाला आहे, गिरणी लांब, आणि घरांत खाणारीं तोंडें नऊ. ताज्या पिठाची पोळी खाऊन मी इतका प्रसन्न झालों कीं, आठव्याच दिवशीं धाकट्या बहिणीस आग्रह करकरून तसलीच घंटी घ्यावयास लावली. तिनें साठविलेल्या पैशांतून ती घेतली. पुढें दोन वर्षांनीं तिच्याकडे मुक्कामास गेलों असतां स्वयंपाकघरांत एक चौकोनी मेज दिसलें. त्यावर कशिद्याचें कापड आणि त्यावर देवांच्या तसबिरी. सहज कापड उचललें, तों खालीं ती घंटी! बहिणीचें बिऱ्हाड दोन खोल्यांचें. भिंतीपलीकडे एक आजारी वृद्ध, त्यांना तो आवाज सोसेना. घरांत माणसें चार. आणि गिरणी तर इमारतीच्या पायथ्याशींच. "मग मला सांगितलें कां नाहींस?" असें मीं विचारलें. ती म्हणाली, "दादा, तूं इतक्या हौसेनें सांगितलें होतेंस. कसें म्हणूं?"

त्या यंत्रांत कांहींही खोट नव्हती. मीं ती वस्तु प्रत्यक्ष जाणली होती, आणि माझ्या मनांत लोभही नव्हता. वात्स्यायनाच्या दोन्ही अटी मीं वरवर पाहतां पाळल्या होत्या. चुकलें तें हें कीं, मीं वस्तूकडे पाहून बोललों, बहिणीच्या घराकडे पाहून बोललों नाहीं. आणि मनाशीं प्रामाणिकपणें शोध घेतां आणखी एक गोष्ट कबूल करावी लागते. एवढा पैसा खर्चून आपण शहाणपणाच केला, अशी ग्वाही मला दुसऱ्याच्या खरेदींतून हवी होती. पुष्कळशा निःस्वार्थ शिफारशींच्या बुडाशीं हा स्वार्थ दडलेला असतो. विकत घेतलेल्या शिफारशीनें फसलेला माणूस निदान चारचौघांत बोलून मोकळा होतो. प्रेमाच्या शिफारशीनें फसलेला कापड घालून तसबिरी मांडतो.

हें सर्व मी या मासिकांत लिहितों याचें कारण उघड आहे. पुस्तकाचें परीक्षण ही देखील शिफारसच आहे. आमच्या परीक्षणांतून "प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या संग्रहीं असावें असें पुस्तक" हें वाक्य किती सहज येतें! मींही तें अनेकदां लिहिलें आहे. एकदां तर लेखक मित्र म्हणून, शेवटचीं दोन प्रकरणें वाचावयाचीं राहिलीं असतां लिहिलें. प्रत्येकासाठीं असलेलें पुस्तक कोणासाठींच नसतें, हें त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं. अशा वाक्यावर भरंवसून कोणा वाचकानें तें पुस्तक घेतलें असेल, दहा पानांनंतर मिटलें असेल, आणि दोष आपल्या रसिकतेचाच असेल असें समजून तें कपाटांत उभें केलें असेल. तो मला पत्र लिहून कळविणार नाहीं. माझी बहीण दोन वर्षें बोलली नाहीं, तर तो कशाला बोलेल?

तेव्हां तव्याची असो वा ग्रंथाची, शिफारस करणाऱ्यानें तीन प्रश्न स्वतःस विचारावे. मीं हें शेवटपर्यंत वापरलें आहे काय? यांतील दोष मला सांगतां येतील काय? आणि ज्याला मी सांगतों आहें त्याचें घर मीं पाहिलें आहे काय? तिन्हींचीं उत्तरें होकारार्थी असतील तर अवश्य बोलावें. कारण असें बोलणारा मनुष्य शेजारीं असणें हें संसारांतील मोठें सुख आहे. नसतील तर गप्प राहण्यांत कमीपणा नाहीं. बहिणीच्या घरची ती घंटी पुढें तिच्या ओळखीच्या एका बाईंकडे गेली. त्या भाजणी व थालिपीठाचें पीठ करून विकतात, आणि दिवसभर ती तेथें खुशाल चालते. यंत्र उत्तमच होतें. घर चुकलें होतें.