‘स्वामी’चे वाचक आणि ऐतिहासिक सत्याचा निकष

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तिच्याविषयीचे मतभेद मात्र मिटले नाहीत. थोरले माधवराव आणि रमाबाई यांच्या सहजीवनाचे चित्रण एका वाचकवर्गाला हृद्य वाटते, तर दुसऱ्याला त्यात इतिहासाचे भावुक रंजन दिसते. दोन्ही पक्ष बहुधा ‘हे इतिहासाला धरून आहे काय?’ या प्रश्नापाशीच येऊन थांबतात. हा निकष येथे अपुरा पडतो. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे माधवराव क्षयाने निवर्तले आणि रमाबाई सती गेल्या, हे इतिहाससिद्धच आहे. प्रश्न उरतो तो या घटनेला मिळणाऱ्या अर्थाचा. प्रेमकथेच्या संकेतांत सहगमन ही प्रीतीची परिपूर्ती ठरते आणि त्यामागची समाजव्यवस्था दृष्टीआड होते. हेलावलेला वाचक ही परिपूर्ती स्वीकारतो. अस्वस्थ झालेला वाचक ती नाकारतो. त्यांच्यातील मतभेद मुळात मूल्यदृष्टीचा आहे. तो केवळ अभिरुचीच्या उच्चनीचतेत बसवता येत नाही. म्हणूनच ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेने तपशिलांच्या सत्यतेइतकीच निवेदकाच्या भूमिकेचीही चिकित्सा केली पाहिजे.